पाण्यावर जाण्याआधी

बिडकीनला कोणाकडे पाहुणे आले, की त्यांना पैठणला नेऊन जायकवाडीचे धरण दाखवायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. धरणाच्या भिंतीवर उभे राहून नाथसागराचे पाणी पाहायचे, भेळ खायची आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचे. पाणी पाहायचे, पण लांबून. त्या पाण्याला पाय लावावा, त्यावर नावेत बसून दोन दिवस राहावे, असे आमच्या तीन पिढ्यांत कोणाच्या मनात आले नाही. ते गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या मनात आले.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपून नागपूरहून आम्ही नुकतेच परतलो होतो. घरी तीन कुटुंबे एकत्र जेवत होती. मुलगी सोळा वर्षांची आहे. ती म्हणाली, "पप्पा, आपण दीक्षाभूमीला जातो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, महाडला गेलो, वेरूळ तर घरातलेच. पण नुसते चार दिवस मोकळे राहायला आपण कधी कुठे गेलोय का?" सगळे गप्प झाले. कारण तिचे खरे होते. आमच्या पिढीचा सारा प्रवास वंदनेचा, नाहीतर मोर्चाचा. विश्रांतीसाठी पैसे खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, असे आम्हीच तिला शिकवले होते. पुढे ती म्हणाली, "केरळात कालव्यांतून नावा चालतात. नावेतच राहायचे, नावेतच जेवायचे. मला ते बघायचेय."

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण तिकडे निघालो आहोत. लहानात लहान आठ वर्षांची पुतणी आणि मोठ्यात मोठी सत्तर वर्षांची आमची आई. अजून निघायचे आहे. पण तयारीच्या या वर्षभरात जे शिकायला मिळाले, ते प्रवासाइतकेच मोलाचे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आईचा नकार

पहिला अडथळा पैशाचा येईल असे वाटले होते. तो आला आईचा. ती म्हणाली, "तुम्ही जा. पण लेकरं पाण्यावर न्यायची नाहीत."

कारण आम्हाला ठाऊक होते, पण घरात ते कोणी बोलत नसे. आमचे धाकटे मामा १९७८ च्या उन्हाळ्यात कालव्यात वाहून गेले. वय चौदा. म्हैस धुवायला उतरले होते. पाळीचे पाणी सुटले होते. काठावर दहा माणसे होती, पण पोहता येणारा एकही नव्हता. आई तेव्हा नवी नवरी. त्या दिवसापासून तिने घरातल्या कोणाला विहिरीच्या कडेला उभे राहू दिले नाही. त्यामुळे आम्ही दोघे भाऊ चाळिशी ओलांडली तरी पोहायला शिकलो नाही. आमच्या मुलांनाही कोणी शिकवले नाही.

आईला समजावताना आम्ही आधी तिकडच्या आणि इकडच्या कालव्यांतला फरक सांगितला. तो वाचकांनीही समजून घ्यावा.

आपला कालवा, त्यांचा कालवा

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. हे कालवे शेताला पाणी देण्यासाठी बांधलेले. त्यांना उतार दिलेला असतो, म्हणून पाणी ओढीने धावते. आवर्तन सुटले की काठोकाठ, बंद झाले की कोरडे. दोन्ही बाजूंना अस्तरीकरणाचा उतरता गुळगुळीत काठ, त्यावर शेवाळ. आत घसरलेल्या माणसाला हाताने धरायला काही सापडत नाही. पोहणारासुद्धा तिथे फसतो. अशा कालव्यात नाव चालत नाही आणि आपणही त्यात कधी उतरू नये.

केरळातल्या आलप्पुळा म्हणजे अलेप्पीच्या परिसरातले कालवे निराळे. तिथली जमीनच समुद्राच्या पातळीला टेकलेली. कुट्टनाड नावाच्या भागात तर भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, एक ते तीन मीटर खोल होते. बांध घालून, आतले पाणी उपसून भात लावतात. तिथे पाण्याला ओढ कमी. ते भरती-ओहोटीने आणि पावसाने हळूहळू हलते. कालवे हेच तिथले रस्ते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी आलप्पुळा बंदर वसवले, तेव्हा माल ने-आण करण्यासाठी शहरातून कालवे खोदले. वेंबनाड सरोवर, नद्या आणि हे कालवे मिळून पाण्याचे जाळे तयार झाले आहे.

या पाण्यातून पूर्वी भात आणि मसाले वाहणारी जी नाव चाले, तिचे नाव 'केट्टुवळ्ळम'. केट्टु म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे नाव. आंजिली जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवून ती करत. खिळा वापरत नसत. मोटारी आणि पूल आले, मालाची वाहतूक रस्त्याने होऊ लागली आणि या नावा रिकाम्या पडल्या. नंतर त्यांवर बांबूचे आणि चटयांचे छत घालून, खोल्या काढून त्यांच्या हाऊसबोटी झाल्या. बैलगाडीला छप्पर घालून तिच्यातच संसार मांडावा, तसा प्रकार.

हे सगळे आईने ऐकून घेतले. मग म्हणाली, "पाणी हळू असेल. पण पडलेलं माणूस तर बुडतंच ना?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी तिनेच अट घातली. "पाण्यावर पाठ टेकून राहता आलं, तोच येईल. बाई असो की बापई."

विहिरीवरची शाळा

बारा महिन्यांपैकी सर्वांत अवघड काम हेच होते. शहरातल्या तरण तलावावर रोज जाणे-येणे पंचवीस-पंचवीस किलोमीटर, शिवाय बायकांची वेळ एकच, तीही शाळा-कचेरीच्या आड येणारी. कार्यालयातल्या एका सहकाऱ्यांना अडचण सांगितली. ते दुसऱ्या समाजाचे. ते लगेच म्हणाले, "आमच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन या. माझी बहीण पट्टीची पोहणारी आहे, बायका-मुलींना ती शिकवील."

पहिल्या रविवारी आई मुद्दाम सोबत आली. विहिरीच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिली, पण बसेना. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "माझ्या माहेरी अशीच विहीर होती. आम्ही घागरी घेऊन त्या झाडाइतक्या लांब बसायचो. कोणी येऊन वरून पाणी वाढलं तर मिळायचं. दुपार होईपर्यंत बसायचो." तेवढ्यात आमच्या सहकाऱ्यांच्या भगिनी पायऱ्या चढून वर आल्या आणि "काकू, बसा की इथं" म्हणून त्यांनी कठड्यावर जागा करून दिली. आई बसली. खाली तिची नात ट्रॅक्टरची ट्यूब धरून पाण्यात उतरत होती.

आमचा समाज पाण्याला भितो, तो जन्माने भित्रा म्हणून नव्हे. ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांची पोरे पोहायला कुठे शिकणार होती? २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, आणि ते तळे सर्वांचे आहे असा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाणी पिण्याचा हक्क आपण मिळवला. पण त्या पाण्यात निर्भयपणे उतरण्याचे काम अनेक घरांत राहूनच गेले आहे. आमच्या घरात ते राहिले होते आणि त्याची किंमत मामांनी मोजली.

असो. आता शिकलेले सांगतो. पोहण्याआधी तरंगणे शिकावे. छाती भरून श्वास घ्यायचा, डोके मागे टाकायचे, कान पाण्यात जाऊ द्यायचे, हनुवटी आभाळाकडे, हात पसरलेले. माणूस हातपाय झाडू लागला आणि डोके वर काढू लागला की बुडतो. शांत राहिला की पाणीच त्याला उचलून धरते. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला हे तीन रविवारांत जमले. आम्हाला नऊ लागले. पत्नीला आणि वहिनींना सहा. म्हणजे इथेही बायका पुढेच!

दुसरा धडा : कोणी पडले तर मागून उडी घ्यायची नाही. बुडणारा माणूस वाचवणाराला मिठी मारतो आणि दोघे जातात. आधी ओरडायचे, मग ट्यूब, दोर, काठी, लुगडे, ओढणी, जे हाती येईल ते फेकायचे आणि काठावर आडवे पडून ओढायचे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून पाणी काढण्याची जुनी पद्धत चुकीची आहे. त्याला उताणे झोपवून श्वास चालू आहे की नाही ते पाहावे. नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. मामांच्या वेळी काठावरच्या दहांपैकी एकाला जरी हे ठाऊक असते, तर! आई हे ऐकून काही बोलली नाही. पण पुढच्या रविवारी तिने घरातला वीस हात दोर स्वतःच काढून विहिरीवर आणला.

नाव ठरवताना

पोहण्याची शाळा चालू असतानाच नावेचा शोध सुरू झाला. फोनवर एका दलालाने सांगितले, "तीन खोल्यांची बोट घ्या. अकरा जण आरामात मावतील. पोरं काय मोजायची?" हे वाक्य कानावर पडताच आम्ही फोन ठेवला.

पोरे मोजली नाहीत म्हणून काय होते, ते केरळनेच पाहिले आहे. २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमला निघालेली बोट वेंबनाडात बुडाली, २९ माणसे गेली. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या जलाशयात सहलीची बोट उलटून ४५ जण गेले. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला बोट उलटली, २२ जण मेले, त्यांत लहान मुले पुष्कळ. तानूरच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. म्हणून आम्ही चार खोल्यांची बोट ठरवली. खर्च वाढला, पण त्यावर तिन्ही घरांत एकाही तोंडातून कुरकुर निघाली नाही.

नाव ठरवणाऱ्याने पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि तपासणीचा दाखला. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे बोटीची नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे, आणि किती माणसे बसवायची तेही ठरलेले असते. दोन, माणशी एक लाईफ जॅकेट आहे काय, आणि मुलांच्या मापाची आहेत काय. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. तीन, भाड्यात काय काय आले : जेवणे किती, पिण्याचे पाणी, वातानुकूलन रात्रीपुरते की दिवसभर. चार, नाव किती तास चालणार. बहुतेक हाऊसबोटी दुपारच्या सुमारास निघतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात, कारण नंतर मच्छीमारांची जाळी टाकायची वेळ होते. रात्रभर नाव चालत राहील अशा समजुतीने जाणाऱ्यांची निराशा होते. हे सारे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी बोलणे पाण्यावरच्या रेषेसारखे.

आणखी एक गोष्ट. मोठी हाऊसबोट सरोवरात आणि रुंद कालव्यात फिरते. अरुंद कालव्यात ती शिरत नाही. लोकांची घरे, धुणी धुणाऱ्या बाया, शाळेची पोरे, बदकांचे कळप हे सारे अरुंद कालव्यांच्या काठी. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तासांची लहान नाव वेगळी ठरवली आहे. मुलीला पाहायचे होते ते हेच.

हिशेब, गाडी, सामान

आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे वही उघडणे आलेच. तिन्ही घरांनी मिळून वर्षभर दरमहा भिशीसारखे पैसे काढून ठेवले. लग्नसराईत दोन ठिकाणचे आहेर साधे केले. कर्ज काढून सहल करायची नाही, हा ठराव पहिल्याच बैठकीत झाला.

बिडकीनहून मनमाड रस्त्याने, आणि मनमाडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलम. तिथून आलप्पुळा साठ किलोमीटरच्या आसपास. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि एका तिकिटावर सहाच नावे बसतात. म्हणून सहा आणि पाच अशी दोन तिकिटे, आणि दोन्हींत एक तरी कर्ती व्यक्ती, अशी विभागणी केली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. दुपारनंतर गडगडाटासह येतो. कोरडे दिवस हवे असतील त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी निवडावा, मात्र नाताळात दर चढे असतात. आम्हाला शाळेची सुट्टी पाहावी लागली. म्हणून रेनकोट घेतले, आणि लहान नावेचा फेरा सकाळचाच ठेवला.

सामान टणक पेटीत नेऊ नये. खोल्या लहान, पेटी ठेवायला जागा नसते. कापडी पिशव्या घ्याव्यात, रिकाम्या झाल्या की घडी होते. ओल्या फळीवर न घसरणाऱ्या रबरी चपला, प्रत्येक घराला एक बॅटरी, डासांचे मलम, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून, चष्म्याला दोरी, आणि आधारकार्डे प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाडीतल्या प्रवासासाठी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वहिनींनी येसराची पुडी बांधली आहे. नावेतल्या स्वयंपाक्याकडून त्यांची करीमीनची मासळी शिकून घ्यायची आणि त्याला येसराची आमटी शिकवायची, असा त्यांचा बेत आहे.

काठावरचे दोन मुक्काम

मोकळे राहायला निघालो खरे, पण वाट अशी आहे की दोन जागा वगळून पुढे जाववेना.

वेंबनाडच्या पूर्व काठावर वायकोम आहे. तिथल्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क अस्पृश्य मानलेल्यांना नव्हता. त्यासाठी ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला, महाडच्या तीन वर्षे आधी. १९२५ च्या नोव्हेंबरात तो थांबला तेव्हा तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा बंदच राहिला. पुढे १९३६ मध्ये त्रावणकोरची मंदिरे सर्व हिंदूंना खुली झाल्यावर ती अडवणूक संपली. आज त्याच वायकोमच्या धक्क्यावरून तवणक्कडवूला सरकारी फेरीबोट जाते. जानेवारी २०१७ मध्ये तिथे सूर्याच्या विजेवर चालणारी 'आदित्य' बोट सुरू झाली, देशातली तशी पहिली. तिकीट काढील त्याने बसावे. जात कोणी विचारत नाही.

दुसरी जागा अंबलप्पुळाजवळची करुमाडी. तिथे कालव्याच्या काठी भगवान बुद्धांची काळ्या पाषाणाची, सुमारे तीन फूट उंचीची बैठी मूर्ती आहे. डावी बाजू भंगलेली. गावकरी प्रेमाने तिला 'करुमाडिकुट्टन', म्हणजे करुमाडीचा मुलगा म्हणतात. कोची बंदर बांधणारे इंग्रज अभियंते रॉबर्ट ब्रिस्टो यांनी तिच्या जतनासाठी पुढाकार घेतला होता, आणि १९६५ मध्ये दलाई लामा तिथे येऊन गेले. केरळात कधी काळी बुद्धधम्म होता याची ती साक्ष. आईला हे सांगितले तेव्हा तिने पहिल्यांदा विचारले, "कोणत्या दिवशी जायचंय?"

ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी

हे वाचून कोणी म्हणेल, कारकुनाला जमले, मजुराला कसे जमावे? प्रश्न रास्त आहे. हाऊसबोट न घेताही हे पाणी पाहता येते. केरळच्या राज्य जल वाहतूक विभागाच्या बोटी आपल्या एस.टी.सारख्या रोज धावतात. आलप्पुळा ते कोट्टयम हा अडीच तासांच्या आसपासचा प्रवास थोड्याशा तिकिटात होतो, आणि शेजारी गावचीच माणसे असतात. आणि केरळ जमले नाही तरी विहिरीवरची शाळा प्रत्येकाला जमेल. तिला तिकीट नाही. आपापल्या गावात एखादी सुरक्षित विहीर पाहावी, जाणत्या पोहणाराला विनंती करावी, आणि दहा-पंधरा मुला-मुलींची तुकडी करावी. वाचनालय, अभ्यासिका जशी आपण चालवतो तसेच हेही समाजकार्यच आहे.

मागच्या रविवारी आईच्या अटीची परीक्षा झाली. एकेक करून दहाही जण पाण्यावर पाठ टेकून शंभर आकडे होईपर्यंत राहिले. आकडे कठड्यावरून आईच मोजत होती. आम्ही बाहेर आलो, तर ती पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर येऊन उभी. पाणी घोट्यापर्यंत. सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ तिने असे पाण्यात पाऊल ठेवले नव्हते. नातीने हात पुढे केला. आई म्हणाली, "धर बरं. पण घट्ट धर."

तिच्या मापाचे जॅकेट आम्ही बोटवाल्याला कळवले आहे. अकरा म्हणजे अकरा.